'गाझी' विशाखापट्टणमला का आली?

१९७१ च्या युद्धातील 'गाझी' पाणबुडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ती कशाने बुडाली? पण त्याआधीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. कराचीची ही पाणबुडी विशाखापट्टणमच्या तोंडाशी आलीच का?

गाझी मूळची अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बांधलेली ही 'डायब्लो' १९६४ मध्ये भाडेपट्ट्याने पाकिस्तानकडे गेली. पाकिस्तानच्या फ्रेंच पाणबुड्या नव्या होत्या, पण त्यांचा पल्ला कमी. श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात जाणे आणि परतणे गाझीलाच जमण्यासारखे होते. १४ नोव्हेंबरला तिने कराची सोडली. तिला हवी होती 'विक्रांत', म्हणजे १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी गोव्याच्या समुद्रात गस्त घालणारी विमानवाहू नौका.

विक्रांतच्या बॉयलरला तडा गेल्याने तिचा वेग मंदावला होता. पाणबुडीला चुकवणे तिला अवघड होते. म्हणून व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी तिला गुपचूप अंदमानकडे धाडले आणि ती विशाखापट्टणमजवळच असल्याचा आभास निर्माण केला. 'राजपूत' या जुन्या विनाशिकेने विक्रांत असल्याचे भासवत बिनतारी संदेश पाठवले. मोठ्या नौकेला पुरेल एवढ्या शिध्याची मागणी बंदरात उघडपणे नोंदवली गेली. गाझी रिकाम्या जागेवर टपून राहिली.

३ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर मोठा स्फोट झाला आणि शहरातील खिडक्यांची तावदाने हादरली. पुढे पाणबुड्यांनी समुद्रतळाशी गाझीचा सांगाडा शोधला. तिचा पुढचा भाग फुटलेला होता.

कारणाबद्दल तीन मते आहेत. राजपूतने बंदराबाहेर पडताना पाण्यात खोलवर फुटणारे बाँब टाकले, त्यांनी ती बुडाली, ही भारतीय नौदलाची भूमिका. तिने स्वतः पेरलेल्या सुरुंगाचा स्फोट झाला, हे दुसरे मत. तिसरे मत बॅटऱ्यांचे: त्या चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो; तो बाहेर गेला नाही तर एक ठिणगी पुरते.

यांतले कोणतेही मत खरे धरले, तरी विक्रांत तेव्हा तिथे नव्हती, हे बदलत नाही. ती वाचली ती स्फोटाच्या कितीतरी आधी, नकाशावर वाकलेल्या काही माणसांच्या विचारामुळे. पुढे तिच्याच विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले.

गाझीवरचे नव्वदहून अधिक खलाशी आणि अधिकारी मात्र कोणीच परतले नाहीत. पाणबुडी अजून तिथेच, बंदराबाहेर तळाशी आहे. विजयाचा हिशेब मांडताना ही संख्याही लिहिली पाहिजे; तीही आपल्या खेळीचाच परिणाम होती.