हिंगोलीत उभी राहणारी विश्वाची मोजपट्टी

विश्व किती वेगाने प्रसरण पावते आहे? आज याची दोन उत्तरे आहेत. प्लांक उपग्रहाने टिपलेल्या आदिम प्रारणावरून हा दर सुमारे ६७ येतो, तर सेफिड तारे आणि अतिनवताऱ्यांच्या अंतरांवरून ७३. म्हणजे दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला तितके किलोमीटर. फरक किरकोळ नाही. म्हणूनच तिसरी, पूर्णपणे स्वतंत्र मोजणी हवी.

तिची वाट १७ ऑगस्ट २०१७ रोजी उघडली. त्या दिवशी दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर टिपल्या गेल्या. लहरींवरून अंतर थेट कळले, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे. दूर जाण्याचा वेग मिळाला त्यांच्या दीर्घिकेच्या प्रकाशातून. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीनेही या टकरीचा मागोवा घेतला. दर निघाला ७०, पण अनिश्चितता मोठी होती.

एका टकरीने वाद मिटत नाही. अशा पुष्कळ हव्यात आणि प्रत्येकीची आकाशातली जागा नेमकी सापडायला हवी. जगाच्या वेगवेगळ्या भागांत वेधशाळा असल्या, तरच ते साधते.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा त्यासाठीच मोलाची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले.