स्कॅनर घेण्याआधी ट्रंक उघडा: जुने फोटो डिजिटल करून देण्याचं काम आणि योग्य मशीनची निवड



घरातून सुरू करता येणाऱ्या कामांवरच्या व्हिडिओत जुने फोटो स्कॅन करून देण्याचा विषय मी दोन मिनिटांत उरकला होता. "चांगल्या डीपीआयचा स्कॅनर घ्या आणि सुरुवात करा," असं काहीसं बोलून पुढे गेलो. ते वाक्य आज मागे घेतोय. का, ते सांगतो.

आमच्या बॅचमधल्या एका ताईंनी ते ऐकून बचत गटातून कर्ज काढलं आणि स्कॅनर घेतला. पातळ, सुबक, खोक्यावर भलामोठा डीपीआय छापलेला. पहिली ऑर्डर त्यांच्याच सोसायटीतून आली. शेजारच्या काकांचं सहस्रचंद्रदर्शन होतं आणि मुलांना हॉलमध्ये पडद्यावर जुने फोटो दाखवायचे होते. काकूंनी एक जाडजूड अल्बम दिला आणि मिठाईच्या खोक्यात भरलेल्या नव्वद स्लाइड्स. काका सत्तरच्या दशकात नोकरीनिमित्त जर्मनीत होते, तेव्हाच्या. अल्बमची पानं काचेवर सपाट बसेनात, त्यामुळे शिवणीजवळचे चेहरे धूसर आले. आणि स्लाइड्स? प्रत्येक स्लाइड म्हणजे चौकटीत एक काळा चौकोन, बस. कार्यक्रमाला आठ दिवस उरले असताना ताईंनी ॲडव्हान्स परत केला.

मशीन बिघडलेलं नव्हतं. खोक्यावरचा आकडाही खोटा नव्हता. ते मशीन त्या कामाचं नव्हतं, एवढंच. हप्ता मात्र सुरू झाला होता, आणि त्यात थोडा दोष माझाही आहे.

म्हणून "सर, कुठला स्कॅनर घेऊ?" या प्रश्नाला माझं आजचं उत्तर असं आहे: आत्ता कुठलाच नको. आधी ट्रंक उघडा.

ट्रंकेत काय निघतं

पहिलं गिऱ्हाईक स्वतःचं घर. आईची ट्रंक, आत्याचं कपाट, मामाकडचा माळा, जे मिळेल ते काढा आणि वहीत मोजून लिहा. सुटे फोटो किती, अल्बममध्ये चिकटवलेले किती, फ्रेममधले किती, निगेटिव्ह किती, स्लाइड्स किती. दोन-तीन घरांची अशी मोजणी झाली की तुमच्या भागातलं काम कसं असणार याचा अंदाज येतो. मोजणी करताना काही गोष्टी नक्की दिसतील.

जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले स्टुडिओतले कृष्णधवल फोटो. कातरलेल्या कडांचे छोटे फोटो. ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो, ज्यांच्यावर आता लालसर झाक आलीय. त्यातले काही दाणेदार, जाळीदार कागदावर छापलेले असतात. असा कागद स्कॅन करताना प्रत्येक दाण्यावर प्रकाश चमकतो आणि चेहऱ्यावर पांढरे ठिपके येतात. तो फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा फिरवून स्कॅन करायचा आणि दोन्ही प्रती सॉफ्टवेअरमध्ये जुळवायच्या, म्हणजे ठिपके बरेच कमी होतात. पण वेळ दुप्पट लागतो, हे दर सांगताना लक्षात ठेवा.

मग येतात चिकट पानांचे अल्बम, वर प्लास्टिकचा कागद असलेले. यातले फोटो ओढून काढायला जाऊ नका. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखालून हळूहळू सरकवला तर बरेच सुटतात. नाही सुटले तर तसेच पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर अजिबात सोडवायचा नाही. पावसाळ्यातल्या दमटपणाने फोटोचा थर काचेला धरलेला असतो, ओढलात तर चेहरा काचेवर राहतो. आणि मित्रांनो, त्या फोटोची दुसरी प्रत जगात कुठेही नसते.

निगेटिव्हमध्ये दोन माप असतात, आणि इथे बरेच जण फसतात. एक नेहमीची ३५ मिलिमीटरची पट्टी. दुसरी रुंद, १२० नंबरच्या रोलची, सुमारे सहा सेंटिमीटर रुंदीची. बॉक्स कॅमेरा आणि स्टुडिओचे जुने कॅमेरे यांत हा रोल चालायचा. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म तुमच्या आजोबांना आठवत असेल. घरात आजोबांच्या पिढीचे निगेटिव्ह असतील तर त्यात रुंद माप निघायची शक्यता धरूनच चला.

स्लाइड्स सगळ्यांकडे नसतात. डॉक्टर, प्राध्यापक, जुने ट्रेकर, आणि ज्यांचं कोणी परदेशात होतं अशी घरं. संख्या कमी, पण हे करून देणारं जवळपास कोणी नसतं, म्हणून पैसे देणारं गिऱ्हाईक इथेच भेटतं.

काचेखाली काय आहे ते विचारा

फ्लॅटबेड म्हणजे काच आणि वर झाकण असलेला स्कॅनर. त्याचे दोन प्रकार आहेत. सीआयएस आणि सीसीडी. दुकानदार डीपीआय सांगेल, तुम्ही हे विचारा.

सीआयएसमध्ये सेन्सर अगदी काचेजवळ असतो. म्हणून मशीन पातळ, हलकं, स्वस्त. कॅननचे लाइड ३०० आणि लाइड ४००, एप्सनचा परफेक्शन व्ही ३९ हे या प्रकारातले. युएसबी वायरवरच चालतात, पिशवीत टाकून गिऱ्हाइकाच्या घरी नेता येतात. हा फायदा लहान समजू नका, कारण बऱ्याच घरांतून अल्बम बाहेर द्यायला लोक तयार नसतात. अडचण एकच: जे काचेला टेकलेलं आहे तेवढंच स्पष्ट येतं. फोटो जरा वाकलेला असला, पान उचललेलं असलं की धूसर.

सीसीडीमध्ये आरसे आणि लेन्स असते, त्यामुळे मशीन जाड आणि जड होतं, पण काचेपासून थोडं वर असलेलंही नीट टिपतं. अल्बम, पुठ्ठ्यावरचे वाकलेले फोटो, यासाठी हेच लागतं.

फरक ओळखायची सोपी युक्ती सांगतो. दुकानात जाताना एक जाड पुस्तक घेऊन जा. मधोमध उघडून काचेवर ठेवा आणि स्कॅन करून बघा. शिवणीजवळची अक्षरं वाचता आली तर अल्बम जमेल. ताईंनी ही चाचणी केली असती तर... असो.

तुमच्या घरात प्रिंटर-स्कॅनर एकत्र असलेलं मशीन असेल तर सुरुवातीला तेवढंही पुरतं. सुटे, सपाट फोटो त्यावर व्यवस्थित येतात. पन्नास फोटो त्यावर करून बघा, मगच खिशात हात घाला.

स्लाइड आणि निगेटिव्हचं गणित वेगळं

डॉक्टर एक्स-रे कसा बघतात? उजेडावर धरून. स्लाइडचंही तसंच आहे, उजेड तिच्या आरपार जायला हवा. साध्या स्कॅनरमध्ये दिवा खालून वर टाकतो आणि परत आलेला उजेड वाचतो. म्हणून ताईंच्या स्लाइड्स काळ्या आल्या. स्लाइडसाठी झाकणातही दिवा असलेला स्कॅनर लागतो. कंपन्या त्याला ट्रान्सपरन्सी युनिट म्हणतात.

एप्सनचा परफेक्शन व्ही ६०० हा या कामाचा ओळखीचा नमुना. सीसीडी आहे, एका वेळी चार स्लाइड्स किंवा ३५ मिलिमीटरच्या बारा फ्रेम्स घेतो, आणि १२० ची रुंद निगेटिव्हही. त्याचा मोठा भाऊ व्ही ८५० एका वेळी बारा स्लाइड्स घेतो, पण नवीन धंद्याने तिकडे बघायची गरज नाही. दुसरीकडे प्लसटेकच्या ऑप्टिकफिल्म ८२००आय सारखे फक्त फिल्मसाठीचे स्कॅनर. ३५ मिलिमीटरच्या फिल्ममधून ते फ्लॅटबेडपेक्षा जास्त बारकावा काढतात, पण प्रत्येक फ्रेम हाताने पुढे सरकवावी लागते. १२० ची निगेटिव्ह आत जात नाही, आणि कागदी फोटो तर नाहीच. म्हणूनच आधी ट्रंक उघडा म्हणतोय.

हे मॉडेल आपल्याकडे दर वेळी दुकानात मिळेलच असं नाही. तेव्हा नावाला धरून बसू नका, गुण बघा: सीसीडी, झाकणात दिवा, तुम्हाला लागणाऱ्या मापाचे होल्डर, आणि इन्फ्रारेड सफाई. या शेवटच्या गोष्टीत मशीन इन्फ्रारेड प्रकाशाने धूळ आणि ओरखडे ओळखतं आणि चित्रातून काढून टाकतं. रंगीत फिल्मवर तासन्‌तास वाचतात. पण नेहमीच्या कृष्णधवल फिल्मवर ती वापरू नका. त्या फिल्ममधली चांदी इन्फ्रारेडला अडवते आणि मशीन चित्रालाच धूळ समजतं. कोडॅक्रोम नावाच्या स्लाइडवरही ती नीट चालेल याची खात्री नसते. ही फिल्म कोडॅकने २००९ मध्ये बंद केली, पण परदेशातून आलेल्या डब्यांत हमखास निघते. पुठ्ठ्याच्या चौकटीवर नाव छापलेलं असतं, बघून घ्या.

तुम्ही आधीच लग्नाची फोटोग्राफी करत असाल तर स्लाइडसाठी स्कॅनर घेऊच नका. मॅक्रो लेन्स, स्टँड, खाली चांगला एलईडी पॅनल, आणि स्लाइडचा सरळ फोटो काढा. हात बसला की स्कॅनरच्या कितीतरी पट वेगाने काम होतं.

डीपीआयचा मोह

४ × ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला की २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात. हॉलमधला फुल एचडी प्रोजेक्टर दाखवतो १९२० × १०८०. म्हणजे भरपूर झालं. तोच फोटो १२०० वर केलात तर टिफ फाइल सुमारे २६ एमबीवरून १०४ एमबीवर जाते आणि नवीन दिसत काहीच नाही, कारण कागदात तेवढा बारकावाच नसतो. १२०० ठेवा पासपोर्ट आकाराच्या फोटोंसाठी, ते मोठे करून हवे असतात. ३५ मिलिमीटरच्या स्लाइडला मात्र मूळ आकारच लहान, म्हणून २४०० ते ३२००. खोक्यावर "इंटरपोलेटेड" असा आकडा दिसला तर तो सोडून द्या. फक्त ऑप्टिकल आकडा वाचा, आणि फ्लॅटबेडच्या बाबतीत तोही जरा कमीच धरा.

खरी किंमत वेळेची

ए४ काचेवर ३.५ × ५ इंचाचे चार फोटो मावतात, ४ × ६ चे तीनच. ब्लोअरने धूळ उडवणं, मांडणं, स्कॅन, सरळ करणं, नाव देणं. सगळं धरून एका फोटोला समजा दोन मिनिटं लागली. ५०० फोटो म्हणजे १००० मिनिटं, जवळपास १७ तास. फोटोमागे १० रुपये घेतलेत तर ५००० रुपये, तासाला तीनशे. ५ रुपयांवर उतरलात की दीडशे. स्लाइडला इन्फ्रारेड सफाईसकट चार मिनिटं धरा. नव्वद स्लाइड्स, सहा तास. त्याच १० रुपयांनी ९०० रुपये होतात. म्हणून स्लाइडचा दर फोटोच्या दराने कधीच लावू नका. माझे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुम्ही मोबाइलवर स्टॉपवॉच लावून आपले स्वतःचे काढा.

वेग हवा म्हणून फोटो आत ओढून घेणारे स्कॅनरही मिळतात. एप्सनचा फास्टफोटो ३०० डीपीआयला सेकंदाला एक फोटो घेतो. नव्वदच्या दशकातल्या सुट्या प्रिंटसाठी उत्तम. पण पुठ्ठ्यावरचा, तडकलेला, एकुलता एक फोटो रोलरमध्ये घालायची हिंमत मी करणार नाही.

"मोबाइलने होतं की!" हे गिऱ्हाईक म्हणणारच. भांडू नका. व्हॉट्सॲपवर पाठवायला मोबाइल पुरतो, हे मान्य करा. फ्रेम करायची असेल, मोठी प्रिंट काढायची असेल, तर एकच फोटो दोन्ही प्रकारे करून शेजारी शेजारी दाखवा.

सेकंडहँड घेणार असाल तर होल्डर आणि झाकणाचा दिवा तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. होल्डर नसले की फिल्म स्कॅनर अर्धा निकामी. काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर आहे का ते टॉर्च मारून बघा. ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालत नसेल तर व्ह्यूस्कॅन हे सॉफ्टवेअर बऱ्याच जुन्या मशीनना चालतं. ते विकत घ्यावं लागतं, तो खर्च सौद्यात धरा.

आणि मशीन कुठलंही असो, गिऱ्हाइकासमोर फोटो मोजून पावती करा. किती सुटे, किती अल्बमसह, कुठला आधीच फाटलेला. फाटलेल्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काम पूर्ण झालं की दोन प्रती द्या, आणि तुमच्याकडची प्रत किती दिवस ठेवणार तेही पावतीवरच लिहा.

ताईंचं पुढे काय झालं, हे विचाराल. त्यांनी तो पातळ स्कॅनर विकला नाही. पिशवीत घालून लोकांच्या घरी जातात, समोर बसून सुटे फोटो करून देतात. एकसष्टी, पंचाहत्तरी, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, अशी कामं तोंडी प्रसिद्धीवर येतायत. स्लाइड्स आल्या की जवळच्या एका फोटोग्राफरकडे देतात आणि त्यावर कमिशन ठेवतात. काकांच्या स्लाइड्सही शेवटी तिथेच झाल्या, कार्यक्रमानंतर दोन आठवड्यांनी.

दर कसे ठरवायचे आणि पावतीचा नमुना, हे पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत मोजणीची वही भरून ठेवा.