ऑक्सिजनची चिठ्ठी: फसलेला शब्द आणि पोकळ शब्द

शब्द नुसतं वर्णन करत नाहीत, ते काही करतातही, असं जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने सांगितलं. त्यांचं 'हाउ टू डू थिंग्ज विथ वर्ड्स' हे पुस्तक 1962 मध्ये, त्यांच्या निधनानंतर आलं. 'मी वचन देतो' असं म्हटलं की वचन दिलं जातं. डॉक्टरांची चिठ्ठी याच जातीची. आज आपण त्यातला एकच नमुना पाहू: अमेरिकेत घरी ऑक्सिजन घेणाऱ्या रुग्णासाठी संगणकावरून पाठवली जाणारी चिठ्ठी.

आधी ऑक्सिजनविषयी थोडं. तो हवेतच आहे, मग चिठ्ठी कशाला? कारण घरी दिला जाणारा ऑक्सिजन हे औषध आहे, आणि औषधाला मात्रा असते. सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजारावरची अमेरिकेतली चाचणी 1980 मध्ये प्रसिद्ध झाली. फक्त रात्री, सुमारे 12 तास ऑक्सिजन घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जवळजवळ दिवसभर घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघालं. म्हणजे तास महत्त्वाचे. उलट, अशा काही रुग्णांना जास्त ऑक्सिजन दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. म्हणजे प्रवाहही महत्त्वाचा.

आता समजा, चिठ्ठीवर एवढंच आहे: 'ऑक्सिजन, गरजेप्रमाणे.' मिनिटाला किती लिटर? झोपेत की चालताना? घरात कॉन्सन्ट्रेटर ठेवायचा, की बाहेर नेता येईल असं यंत्रही द्यायचं? पुरवठादार विचारणार, फॅक्स परत जाणार, आणि घरी जायला निघालेला रुग्ण खाटेवर बसून राहणार. ऑस्टिन याला फसलेली कृती म्हणतील. शब्द उच्चारले, पण काम झालंच नाही.

इथे संगणक खरंच उपयोगी पडतो. नीट बांधलेल्या फॉर्ममध्ये रकाना रिकामा ठेवून पुढे जाता येत नाही. अक्षर वाचता येतं, तारीख असते, सही कोणाची ते कळतं. फसणं बरंच कमी होतं.

पण ऑस्टिन यांनी दुसराही दोष सांगितला आहे. पाळायचं मनात नसताना वचन दिलं, तर वचन दिलं तर जातं, पण ते पोकळ असतं. फॉर्ममध्ये '2 लिटर' आधीच भरलेलं आहे, डॉक्टरांनी रुग्णाला चालवून पाहिलं नाही, नुसतं बटण दाबलं. चिठ्ठी वैध आहे, यंत्र घरी येतं. मात्र त्यामागे निर्णयच नाही. हा दोष कोणताही रकाना पकडू शकत नाही, कारण सगळे रकाने भरलेले आहेत!

आकड्याचंही तसंच आहे. मेडिकेअर या सरकारी विम्याच्या निकषात, विश्रांतीत ऑक्सिजनची पातळी 88 टक्के किंवा कमी असेल तर रुग्ण पात्र ठरतो. 89 असेल तर हृदयावर ताण आल्यासारखे आणखी पुरावे लागतात. नियमाला रेघ ओढावीच लागते, हे आपण मान्य करू. पण शरीरात अशी रेघ नसते. शिवाय 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कृष्णवर्णीय रुग्णांमधली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्यांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा चुकवतो असं दिसलं. कोविडच्या काळात आपल्या घराघरांत हेच यंत्र होतं. त्वचेचा रंग मोजमापात शिरतो, हा प्रश्न आपल्याला परका नाही.

मेडिकेअरने घरगुती ऑक्सिजनसाठीचं वेगळं 'गरजेचं प्रमाणपत्र' 1 जानेवारी 2023 पासून बंद केलं. आता डॉक्टरांचा लेखी आदेश आणि रुग्णाच्या वैद्यकीय नोंदी पाहिल्या जातात. यातलं तत्त्व आपण लक्षात घेऊ: फॉर्म म्हणजे कारण नव्हे. कारण तपासणीत असतं, नोंदीत उतरतं, आणि मग चिठ्ठीत येतं.

तेव्हा घरात कोणाला ऑक्सिजन सुरू झाला, तर आपण तीन गोष्टी विचारायच्या. किती लिटर? कोणत्या वेळी, किती तास? आणि पुन्हा मोजायचं कधी? पहिल्या दोहोंची उत्तरं संगणकाच्या पडद्यावर सापडतील. तिसरं सहसा डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकावं लागतं, आणि ती चिठ्ठी भरीव की पोकळ, ते तिथेच कळतं.