दाखला दिला, पुढे काय?

दहावीच्या इंग्रजीत मुलांच्या वाट्याला दोन याद्या येतात. कवितेच्या रसग्रहणासाठी सिमिली, मेटॅफर, पर्सॉनिफिकेशन, अलिटरेशन, पन. आणि ‘व्ह्यू–काउंटरव्ह्यू’ लिहायचं तर क्लेम, एव्हिडन्स, रीझनिंग. वेळापूरसारखं गाव असो की मुंबई, पहिली यादी घोकून होते. ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ दिसलं की सिमिली, एकच अक्षर पुन्हा पुन्हा आलं की अलिटरेशन. (खरं तर अक्षर नव्हे, ध्वनी, पण गुण देणाऱ्याला तेवढं पुरतं.)

दुसऱ्या यादीतला शेवटचा शब्द मात्र भल्याभल्यांना चकवतो. दावा कळतो, पुरावा कळतो. मग हे तिसरं काय? ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी 1958 साली ‘द युजेस ऑफ आर्ग्युमेंट’ या पुस्तकात त्याला ‘वॉरंट’ असं नाव दिलं. पुराव्यावरून दाव्यावर उडी मारायची परवानगी देणारं, बहुधा न बोललेलं विधान.

वेळापूरचंच उदाहरण घेऊ. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी माळशिरसहून येऊन इथे मुक्काम करते. समजा, एका मुलीने लिहिलं: ‘त्या दिवशी शाळेला सुटी द्यावी, कारण पालखी गावात येते.’ दावा झाला, पुरावाही झाला. पण पालखी येण्याचा आणि सुटीचा संबंध काय? एक उत्तर असं, की रस्ते माणसांनी भरतात आणि जिथे मुलं पोचूच शकत नाहीत तिथे वर्ग भरवण्यात अर्थ नाही. दुसरं उत्तर असं, की घराघरांत वारकऱ्यांची सेवा चालते आणि त्या सेवेत मुलं जे शिकतात ते वर्गात मिळत नाही. पुरावा तोच, दावा तोच, पण हे दोन वेगळे युक्तिवाद आहेत. पहिल्याला ‘मग शाळा सकाळी लवकर भरवा’ म्हणून उडवता येईल. दुसऱ्याला ‘मग सुटी कशाला, शिक्षकांनीच मुलांना सेवेला न्यावं’ म्हणता येईल. म्हणजे काउंटरव्ह्यूची लढाई पुराव्यावर कमी आणि या अदृश्य सांध्यावरच जास्त होते.

या सांध्यासाठी मराठी गद्याने आपल्या अगदी बाल्यात, तेराव्या शतकात, एक स्वतंत्र जागा राखून ठेवली होती, हे वाचून मी थक्क झालो. महानुभाव पंथातला ‘दृष्टांतपाठ’ पाहा. चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टांत केसोबासांनी त्यात मांडले. मांडणी ठरलेली: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. सूत्र म्हणजे सिद्धांताचं वचन. दृष्टांत म्हणजे रोजच्या जगण्यातली छोटी गोष्ट. आणि दार्ष्टांतिक म्हणजे ही गोष्ट त्या सूत्राला कुठे आणि कशी लागते याचा खुलासा. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट नुसती सांगून सोडली, तर तिच्यातून काय वाटेल ते काढता येईल: हत्ती विचित्र प्राणी आहे, आंधळ्यांची साक्ष धरू नये, काहीही. तिसरा घटक आला की पळवाटा बंद.

ही शिस्त त्याआधीच्या न्यायशास्त्रातही आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. एवढं सिद्ध करायला न्यायाची पाच पावलं लागतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. ॲरिस्टॉटलच्या तीन विधानांच्या अनुमानात उदाहरणाला वेगळी जागा नाही. इथे मात्र धूर आणि आग एकत्र दिसतात अशा स्वयंपाकघराचा दाखला द्यावाच लागतो, आणि हा डोंगरही तसाच आहे हे उपनयात स्पष्ट सांगावं लागतं. नैयायिक त्याहून पुढे जातात. प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द यांच्या बरोबरीने ते उपमानालाही प्रमाण मानतात. गवा गाईसारखा दिसतो, एवढं ऐकून रानात गेलेला माणूस त्याच आधारावर गवा ओळखतो. आपण ज्याला नुसतं सिमिली म्हणून सोडून देतो, ते इथे ज्ञानाचं साधन ठरतं!

1290 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या आरंभी तर या दोन्ही याद्या एकाच देहात नांदतात. तिथे गणेश हे एक लांबलचक रूपक आहे. तर्क त्याच्या हातातला परशू, संवाद त्याचा शुभ्र दात, सहा दर्शनं त्याचे सहा हात. वादाची अवजारं मोजायला ज्ञानदेवांनी काव्याचा अलंकार वापरला.

आणि कीर्तन? वारकरी कीर्तनकार निरूपणाला एक अभंग घेतो. मुद्दा मांडला की संतवचनाचे पहिले दोन शब्द उच्चारतो, टाळकरी ते उचलून गातात. या आधारवचनालाही प्रमाणच म्हणतात. गाणं थांबलं की बुवा त्या वचनाचा धागा मूळ अभंगाशी जोडून दाखवतात. ज्याला हे जमत नाही, त्याच्या कीर्तनात प्रमाणांची रास पडते आणि मुद्दा तिथेच राहतो. हा दोष मुलांच्या निबंधात नेमका असाच दिसतो.

दोन याद्यांत वैर कुठे आहे, हेही न्यायवाल्यांनी हेरून ठेवलंय. एकजण म्हणतो, ‘हा नवकंबल आहे’, म्हणजे याच्याकडे नवं कांबळं आहे. प्रतिपक्षी लगेच विचारतो, ‘नऊ कांबळी कुठायत? मला तर एकच दिसतंय!’ न्यायसूत्रांच्या भाष्यात हे वाक्छलाचं उदाहरण आहे, वादातली लबाडी म्हणून निषिद्ध. हाच श्लेष कवितेत आला असता तर ‘पन’ ओळखून विद्यार्थ्याने गुण मिळवला असता. काउंटरव्ह्यूत मात्र तो चालवून घेऊ नये.