दबा धरणारा मासा

उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यात गळाने मासे धरण्याचा छंद ज्या माशाभोवती सर्वाधिक वाढला, तो मासा म्हणजे लार्जमाऊथ बास, अर्थात मोठ्या तोंडाचा बास. मिसिसिपी नदीचे खोरे, अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरील महासरोवरांचा प्रदेश, फ्लोरिडा आणि मेक्सिकोचा ईशान्य भाग हे त्याचे मूळ वसतिस्थान आहे; परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हौशी मासेमारांनी आणि सरकारी मत्स्यखात्यांनी तो अमेरिकेच्या जवळजवळ सर्व राज्यांत नेऊन सोडला आणि विसाव्या शतकात ठिकठिकाणी धरणे उभी राहिल्यावर त्यांच्या मागे पसरलेल्या जलाशयांत त्याला विस्तीर्ण नवी वस्ती मिळाली. हिरवट पाठ, अंगाच्या कडेने गेलेला काळपट पट्टा आणि डोळ्याच्याही मागे पोहोचणारा वरचा जबडा ही त्याची ओळख आहे. बहुतेकांच्या गळाला लागणारा बास एक-दोन किलोंचा असतो, आणि साडेचार किलोंहून अधिक वजनाचा बास आयुष्यात एकदा मिळाला तरी मासेमार ते आपले भाग्य समजतो.

हा मासा सहसा भक्ष्याचा लांबवर पाठलाग करीत नाही. पाण्यात बुडालेले झाड, पाणवनस्पतींच्या दाटीची कड, धक्क्याची सावली किंवा खडकाची कपार अशा आडोशाला तो निश्चल थांबतो आणि लहान मासा, खेकड्यासारखा कवचधारी क्रेफिश किंवा बेडूक आटोक्यात येताच जबडा एकदम उघडतो; त्या क्षणी तोंडाच्या पोकळीत निर्माण होणाऱ्या ओढीमुळे भक्ष्य पाण्यासकट आत खेचले जाते. माशाच्या दोन्ही कुशींवरून जाणारी पार्श्वरेषा हे पाण्यातील सूक्ष्म कंपने टिपणारे इंद्रिय असल्यामुळे गढूळ पाण्यात किंवा अंधारातही त्याला हालचालीचा सुगावा लागतो. मात्र तोंडात आलेली वस्तू खाद्य नाही असे जाणवले की तो ती तितक्याच झपाट्याने बाहेर टाकतो, आणि तेवढ्या अल्प अवधीत दोऱ्यावरची ओढ ओळखून गळाला हिसका देणे हेच मासेमाराचे खरे कसब ठरते. बाससाठी निघालेली बहुतेक साधने या स्वभावाच्या एखाद्या पैलूला दिलेले उत्तर आहेत, आणि तो पैलू कळल्याशिवाय महागडे साधनही व्यर्थ जाते.

म्हणून जाणकार मासेमार प्रथम पाणी वाचतो. वसंतात पाण्याचे तापमान साधारण 16 ते 20 अंश सेल्सियसच्या घरात आले की नर उथळ काठाशी येतो, शेपटीने तळ झाडून वाटीच्या आकाराचे घरटे करतो आणि मादीने अंडी घातल्यानंतर अंड्यांची व पिल्लांची राखण एकटाच करतो. उन्हाळ्यात खोल जलाशयाचे पाणी थरांत विभागले जाते; वरचे पाणी उबदार व हलके, खालचे थंड व जड, आणि दोहोंच्या मध्ये तापमान एकदम उतरत जाणारा पट्टा असतो. खालच्या थरात प्राणवायू कमी पडत असल्यामुळे त्या दिवसांत अगदी तळाशी गळ सोडून काही साधत नाही. पट्ट्याच्या वर येणारे उंचवटे, बुडालेल्या जुन्या ओढ्यांचे काठ आणि पाण्यात शिरलेले भूभाग धुंडाळावे लागतात. शरद ऋतूत लहान माशांचे थवे खाड्यांसारख्या आत शिरलेल्या पाण्यात जमू लागले की बास त्यांच्या मागे जातो, तर हिवाळ्यात शरीराची गती मंदावल्यामुळे त्याच्यापुढे आमिषही अतिशय सावकाश न्यावे लागते. 1950 च्या दशकाच्या अखेरीस कार्ल लोरन्स यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने तळाचा ठाव घेणारे छोटे यंत्र हौशी मासेमारांच्या हाती दिले, तेव्हापासून खोल पाण्यातील हा भूगोल डोळ्यांनी पाहता येऊ लागला.

साधनांमध्ये रीळ, म्हणजे दोरा गुंडाळण्याची चक्री, हिचा इतिहास सर्वांत रंजक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी केंटकी राज्यातील पॅरिस या गावी जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने दातेरी चाके बसवलेले असे रीळ घडवले, की मूठ एकदा फिरवली असता फिरकी अनेक वेळा फिरत असे. दोरा वेगाने परत ओढता येऊ लागल्यामुळे आमिष दूरवर फेकून ते जिवंत भासेल अशा गतीने आणणे शक्य झाले, आणि घड्याळजीच्या कसबातून जन्मलेल्या या रिळाचेच वंशज आज बेटकास्टिंग रीळ म्हणून ओळखले जातात. त्यात फेकीच्या वेळी फिरकी स्वतः फिरते. आमिषाचा वेग मंदावला आणि फिरकी तशीच फिरत राहिली तर दोऱ्याचा विलक्षण गुंता होतो, म्हणून अंगठ्याने तिला हलकेच आवरण्याची सवय लावून घ्यावी लागते. स्पिनिंग रीळ या दुसऱ्या प्रकारात फिरकी स्थिर असते व दोरा तिच्या कडेवरून सुटत जातो. अचूक नेम आणि जड आमिष यांसाठी पहिला प्रकार, हलक्या आमिषासाठी दुसरा, अशी विभागणी रूढ आहे. नवशिक्याने मात्र दुसऱ्यापासून आरंभ करणे निःसंशय अधिक शहाणपणाचे.

दोऱ्याची निवडही आडोशावर अवलंबून असते. एकपदरी नायलॉनचा दोरा ताणला जातो, त्यामुळे माशाचे हिसके तो सोसतो. फ्लुरोकार्बनचा दोरा पाण्यात बुडतो आणि प्रकाशाचे त्यातील वक्रीभवन पाण्याच्या जवळपास असल्यामुळे नितळ पाण्यात कमी दिसतो. अनेक पदरांचा विणलेला दोरा जवळजवळ ताणला जात नाही आणि जाडीच्या मानाने फार बळकट असतो, त्यामुळे दाट शेवाळातून मासा बाहेर काढायचा असेल तेव्हा त्याला पर्याय नसतो.

आमिषांचे विश्व अफाट आहे. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या क्रँकबेट या आमिषाच्या तोंडाशी एक तिरपी पट्टी असते; दोरा ओढला की पाण्याचा दाब त्या पट्टीवर पडून आमिष थरथरत खाली जाते. स्पिनरबेटच्या तारेवर फिरणारी चकचकीत पाती असतात, आणि त्यांची कंपने गढूळ पाण्यात पार्श्वरेषेला जाणवतात. पृष्ठभागावर डावी-उजवीकडे डोलत जाणारी आमिषे पहाटे व संध्याकाळी, प्रकाश मंद असताना उपयोगी पडतात. मिशिगनमधील डोवाजियाक या गावी जेम्स हेडन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोरलेले लाकडी बेडूक, किंवा फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी 1936 साली जखमी माशाच्या लटपटत्या चालीचे अनुकरण करून बनवलेले आमिष, हे या कलेतील महत्त्वाचे टप्पे आहेत. परंतु बासच्या मासेमारीला सर्वांत खोल कलाटणी दिली ती 1949 साली ओहायोतील अ‍ॅक्रनमध्ये निक क्रीम यांनी घडवलेल्या मऊ प्लॅस्टिकच्या गांडुळाने.

मऊ गांडुळाचे सामर्थ्य दोन गोष्टींत आहे. कठीण आमिषापेक्षा ते तोंडात खऱ्या खाद्यासारखे लागते, म्हणून मासा ते क्षणभर अधिक धरून ठेवतो; आणि गळाचे टोक त्याच्या अंगात लपवता येते. टेक्सास रिग या जोडणीत दोऱ्यावर बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे वजन ओवून त्याखाली गळ बांधतात, गळ गांडुळाच्या डोक्यातून आरपार काढून त्याचे टोक पुन्हा मऊ अंगात खुपसतात, आणि मग हे आमिष झाडाच्या बुडालेल्या फांद्यांतूनही न अडकता सरकते. कॅरोलायना रिगमध्ये वजन गळापासून अर्धा-एक मीटर पुढे ठेवतात, म्हणजे वजन तळ चाचपत जाते आणि आमिष त्याच्या मागून तरंगत येते. ड्रॉप शॉटमध्ये उलट वजन सर्वांत खाली आणि गळ त्याच्या वर असतो, त्यामुळे आमिष तळापासून ठरावीक उंचीवर एकाच जागी थरथरत ठेवता येते. मासा सुस्त किंवा सावध असेल त्या दिवशी ही युक्ती विशेष फळते. आमिष खाली बुडत असतानाच मासा ते घेण्याची शक्यता पुष्कळ असते, म्हणून अनुभवी माणूस त्या वेळी दोऱ्यावरची नजर काढत नाही. दोरा अकारण कडेला सरकला किंवा अपेक्षेआधीच सैल पडला, एवढी खूण त्याला पुरते.

या छंदाला संघटित रूप दिले ते अलाबामातील विमा विक्रेते रे स्कॉट यांनी. 1967 साली त्यांनी आर्कान्सामधील बीव्हर लेक या जलाशयावर स्पर्धा भरवली, पुढच्या वर्षी बासप्रेमींची संस्था स्थापन केली, आणि 1972 पासून स्पर्धेत धरलेले मासे जिवंत सोडण्याची प्रथा रुजवली. त्यासाठी नावेतच हवा खेळत्या पाण्याची टाकी आली आणि मेलेला मासा आणल्यास गुण कापण्याचा नियम झाला. त्याआधी, 1950 साली, अमेरिकी संसदेने डिंगेल-जॉन्सन कायदा करून रॉड म्हणजे मासेमारीची काठी, रीळ अशा सामानावरील कराचे उत्पन्न राज्यांच्या मत्स्यसंवर्धनासाठी राखून ठेवले होते. मासेमाराच्या हौशीचा पैसा माशांच्याच कामी लावणारी ही व्यवस्था लोकशाहीतील उत्तम कायद्यांमध्ये गणावी अशी आहे.

तथापि मासा सोडला म्हणजे त्याचे काहीच बिघडले नाही, असे मानता येत नाही. कोरड्या हाताने धरल्यास त्याच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. जड मासा केवळ खालच्या जबड्याने लोंबकळत धरल्यास जबड्यावर ताण येतो, म्हणून दुसऱ्या हाताने पोटाखाली आधार द्यावा लागतो. घरट्यावरचा नर उचलला गेला की परिसरातील लहान मासे अंड्यांवर तुटून पडतात, आणि नर थोड्या वेळाने परतला तरी नुकसान होऊन गेलेले असते. इलिनॉय राज्यातील रिज लेकच्या बासांवर अनेक पिढ्या चाललेल्या प्रयोगांतून तर असे दिसले, की गळाला सहज लागण्याचा गुण आनुवंशिक असतो आणि तो गुण असलेले नर पिल्लांची राखणही अधिक तत्परतेने करतात. याचा अर्थ गळ नेमक्या दक्ष बापांनाच अधिक टिपतो. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात विणीच्या काळात बासच्या मासेमारीवर असलेले निर्बंध या दृष्टीने समर्थनीय ठरतात.

विक्रमाची कथा दोन खंडांत विभागलेली आहे. 2 जून 1932 रोजी, महामंदीच्या काळात, जॉर्जियातील शेतकरी तरुण जॉर्ज पेरी यांनी माँटगोमेरी लेकमध्ये सुमारे 10.09 किलोंचा बास धरला. त्याची नोंद झाली आणि नंतर कुटुंबाने तो खाल्ला. 2 जुलै 2009 रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबु कुरिता यांच्या गळाला सुमारे 10.12 किलोंचा बास लागला, परंतु नव्या विक्रमासाठी किमान दोन औंसांचा फरक लागत असल्यामुळे दोघेही संयुक्त विक्रमवीर ठरले.

जपानमध्ये हा मासा 1925 साली अमेरिकेतून आणून आशी सरोवरात सोडला गेला आणि तेथून देशभर पसरला. बिवासारख्या प्राचीन सरोवरातील स्थानिक माशांना तो इतका घातक ठरला, की तेथे धरलेला बास पुन्हा पाण्यात सोडण्यास शिगा प्रांताने 2003 पासून बंदी केली. टेक्सासमध्ये जे वर्तन मासेमाराचे भूषण मानले जाते, तेच बिवाच्या काठी नियमभंग ठरते, आणि दोन्ही भूमिका आपापल्या पाण्यासाठी योग्यच आहेत. ग्वातेमालातील अतित्लान सरोवरात 1958 च्या सुमारास पर्यटनाच्या आशेने बास सोडण्यात आला. तेथील लहान मासे व खेकडे घटले, आणि टिबुकलीच्या कुळातील, जगात अन्यत्र कोठेही नसलेला एक पक्षी अन्य कारणांच्या जोडीने कायमचा नाहीसा झाला.

महाराष्ट्रात उजनीसारख्या जलाशयांत परदेशी चिलापीने मूळच्या माशांची जागा कशी व्यापली हे मच्छीमार जाणतात, त्यामुळे येथे बास आणण्याची कल्पनाही कोणी करू नये. त्याच्यासाठी घडलेली साधने मात्र येथेही चालतात. पाणवनस्पतींच्या आडोशाने शिकार करणारा मरळ हा स्वभावाने बासच्या बराच जवळचा असल्यामुळे भारतातील हौशी मासेमार त्याच्यासाठी पोकळ रबरी बेडूक आणि विणलेला दोरा वापरतात. मरळही पावसाळ्यात पिल्लांची राखण करतो. पाण्याच्या पृष्ठभागावर तांबूस पिल्लांचा दाट थवा हलताना दिसला तर पालक मासा खालीच असतो आणि जवळ पडलेल्या कोणत्याही आमिषावर तो झेपावतो, म्हणून तेवढी जागा टाळून गळ अन्यत्र टाकावा.