डाळ संपायच्या आधी

तूरडाळीच्या डब्यात तळाशी दोन मुठी डाळ दिसली की घर चालवणाऱ्या बाईच्या डोक्यात हिशेब सुरू होतो. आज वरण, उद्या आमटी, परवा गुरुवारचा उपास, म्हणजे शुक्रवारपर्यंत निभेल. पण शनिवारी पाहुणे आहेत, तेव्हा उद्याच वाण्याला सांगायला हवं. शिल्लक किती, रोजचा खप किती, सामान घरी यायला वेळ किती, अडीनडीला हाताशी काय ठेवायचं, सगळं त्यात आलं. कारखान्यातला साठा सांभाळणारेही हेच मोजतात. एका वेळी किती माल मागवावा याचं सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने १९१३ मध्ये मांडलं. स्वयंपाकघरात हे गणित तोंडी चालतं आणि बहुतेक घरांत ते एकाच माणसाच्या डोक्यात असतं. वाणसामानाची नोंद ठेवणारं मोबाइल अ‍ॅप बनवायचं तर त्या एका डोक्यावरचा भार घरात वाटला जावा म्हणून बनवावं. बाकी सगळ्या सोयी त्यानंतर.

अ‍ॅप बनवणाऱ्यांची पहिली धाव मात्र बारकोडकडे असते. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय गावच्या दुकानात च्युइंगमचं पाकीट स्कॅन झालं, तिथून हे तंत्र जगभर गेलं. आपल्याकडच्या बऱ्याच पाकिटांवरचा तेरा आकडी क्रमांक ८९० ने सुरू होतो. हा क्रमांक भारतातल्या संस्थेने दिला आहे, एवढाच त्याचा अर्थ. क्रमांकावरून वस्तू कोणती ते कळतं. ती कधी खराब होणार ते त्या रेघांमध्ये नसतं. वस्तूचं नाव आणि वजन वेगळ्या माहितीसाठ्यातून आणावं लागतं. फ्रान्समध्ये २०१२ साली सुरू झालेला 'ओपन फूड फॅक्ट्स' हा लोकांनी मिळून भरलेला खुला साठा त्यासाठी कामी येतो. पण गिरणीतून आणलेलं दळण, गावाहून आलेलं तांदळाचं पोतं, उन्हाळ्यात घातलेले पापड-कुरडया, घरचा गोडा मसाला यांच्यावर कसला बारकोड? तेव्हा स्कॅनिंग असावं, पण अ‍ॅपचा पाया त्याच्यावर घालू नये.

दुसरा मोह मोजण्याचा. कोरियातल्या एलजीने २००० साली इंटरनेटचा फ्रिज बाजारात आणला, २०१६ मध्ये सॅमसंगने फ्रिजच्या आत कॅमेरे बसवले. डब्याखाली वजनकाटा ठेवण्याच्याही कल्पना आहेत. काहीच नसेल तर अ‍ॅप वापरणारालाच विचारतं, आज किती ग्रॅम रवा वापरला? फोडणी करपत असताना याचं उत्तर कोण देणार? आपल्याकडे रवा वाटीने, पोहे ओंजळीने आणि मीठ अंदाजाने घेतात. एक वाटी रवा आणि एक वाटी पोहे यांच्या वजनात मोठा फरक पडतो. रोजच्या वापराची नोंद मागणारं अ‍ॅप टिकणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

विचारायचं तर एकाच क्षणी विचारावं: पाकीट फोडून डब्यात ओतलं तेव्हा. त्या वेळी हात थांबलेला असतो आणि मन हिशेबातच असतं. जपानमध्ये टोयोटाच्या ताइची ओनो यांनी रूढ केलेल्या कानबान पद्धतीचा एक साधा प्रकार असाच चालतो. सुट्या भागांचे दोन खोके असतात. एक रिकामा झाला की तोच नवा माल मागवायचा इशारा, तोवर काम दुसऱ्यावर चालतं. आपल्या घरात डबा आणि फडताळातलं बंद पाकीट ही तीच जोडी.

आता गणित पाहा. एक किलो तूरडाळ ३ तारखेला डब्यात ओतली आणि पुढचं पाकीट १५ तारखेला फोडलं. बारा दिवसांत किलोभर, म्हणजे रोजची साधारण ८३ ग्रॅम. वाण्याकडून सामान यायला दोन दिवस आणि पाहुण्यांसाठी चार दिवसांची शिल्लक धरली, तर सहा दिवसांची डाळ, म्हणजे अर्धा किलो, उरली असताना आठवण यायला हवी. घरात बंद पाकीट नसेल तर अ‍ॅपने २१ तारखेला तसं सांगावं. एकदाही वजन न करता हे जमतं. मात्र इथे सरासरी घेतली तर फसगत होते. होळीला पुरणासाठी हरभऱ्याच्या डाळीचा डबा एका दिवसात रिकामा होतो आणि सरासरी बिघडते. म्हणून मागच्या सात-आठ खेपांतले दिवस चढत्या क्रमाने लावून मधला आकडा धरावा.

सणांसाठी तर वेगळंच पंचांग लागतं. गेल्या सप्टेंबरात काय लागलं होतं यावरून या सप्टेंबरचा अंदाज बांधणारी आज्ञावली आपल्या घरात चुकणार. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक मास असल्यामुळे ती १४ सप्टेंबरला येते. मोदकांचं तांदळाचं पीठ, गूळ आणि खोबरं तिथीला बांधलेलं आहे. वर अधिक मासात अनारशांसाठी तांदूळ आणि खसखस लागते, तीही त्याच वर्षी. अ‍ॅपमध्ये तिथीचं कॅलेंडर घालणं अवघड नाही. ते सुचायला मात्र बनवणाऱ्याने श्रावणातल्या आणि चतुर्मासातल्या यादीत डोकावलेलं असावं लागतं.

खराब होण्याच्या तारखांचंही तसंच. डब्यात ओतलेल्या वस्तूचं पाकीट कचऱ्यात जातं आणि त्याच्यावरची तारीखही. अख्खी बाजरी महिनोन्‌महिने टिकते; दळल्यावर तिच्यातल्या स्निग्धांशाचं विघटन सुरू होतं आणि पीठ काही दिवसांत कडवट होतं. तेव्हा बाजरीसाठी नोंद हवी ती दळणाच्या दिवसाची. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार भारतातल्या घरांमध्ये माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं. साली-देठांसारखा न खाण्याजोगा भागही त्यात धरलेला आहे, पण कडू झालेलं पीठ आणि पोरकिडे लागलेला रवा टाळता येण्यासारखे आहेत.

भार वाटायचा तर यादी घरातल्या सगळ्यांच्या फोनवर हवी, आणि इथे एक बारीक तांत्रिक गोष्ट आहे. समजा घरात साखरेची दोन पाकिटं आहेत. मुलगा दुकानातून एक आणतो, त्याच वेळी घरी आई एक फोडते आणि दोघांच्या फोनला रेंज नाही. मुलाच्या फोनने 'तीन' आणि आईच्या फोनने 'एक' लिहिलं, तर रेंज आल्यावर ज्याची नोंद नंतर पोचली तीच उरणार आणि दोन्ही चूक. त्याऐवजी प्रत्येक फोनने फक्त घडलेली गोष्ट लिहावी: एक आलं, एक फुटलं. मग नोंदी कोणत्याही क्रमाने पोचल्या तरी उत्तर दोनच येतं.

पिठाने माखलेल्या हातांसाठी बोलून नोंद करायची सोय हवीच. गूगलने २०१७ मध्येच मराठीतून बोलून टाइप करायची सोय दिली आहे. 'साखर फोडली' एवढ्या शब्दांत काम व्हावं. आणि तयार यादी साध्या मजकुरात व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या वाण्याला जावी. एकाच ऑनलाइन दुकानाला जोडलेली यादी त्याच दुकानाच्या फायद्याची होत जाते.

वाणसामानावरून घराबद्दल फार कळतं. साखर घटून नाचणी वाढली तर कुणाला तरी मधुमेह निघाला असेल. डिंक आणि अळीव आले तर घरात बाळंतीण असेल. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी देशात २०२३ चा कायदा आहे, पण जी माहिती गोळाच केली नाही ती फुटतही नाही. म्हणून नोंदी घरातल्या फोनांमध्येच राहाव्यात, एका फोनमधून दुसऱ्यात जाताना सांकेतिक रूपात जाव्यात, आणि अ‍ॅप सोडायचं ठरलं तर खपाच्या सगळ्या आकड्यांसकट यादी साध्या तक्त्यात बाहेर काढता यावी.