आठ फुटी धामण, चार फुटी घोणस

परभणी जिल्ह्यात जंगल नावालाच आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाल्यावर उरलेले नऊ तालुके म्हणजे मुख्यतः काळ्या जमिनीची शेती. गोदाकाठी आणि कालव्याच्या पाण्यावर ऊस, बाकी कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी. जिंतूरकडच्या टेकड्या, येलदरीचा जलाशय आणि गंगाखेडकडचे बालाघाटाचे डोंगर सोडले, तर रानातल्या मोठ्या जिवाला दडायला जागा उरलेली नाही. त्यामुळे इथे मोठा साप निघतो तो उसाच्या फडात, कालव्याच्या भरावात, कडब्याच्या गंजीखाली नाहीतर पऱ्हाट्यांच्या ढिगात, अगदी माणसाच्या पायाजवळ. साप जितका लांब, तितक्या लवकर काठ्या गोळा होतात. इथल्या शेतकऱ्याचं नुकसान हे लांबलचक साप करत नाहीत. लांबीवरून धोका ठरवण्याची आपली सवय करते, आणि त्या सवयीपायी सापाबरोबर माणूसही मरतो.

सर्पदंशाने २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसं दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, आणि बहुतेक खेड्यांतले. आपल्याकडे दवाखान्यात मिळणारी लस ज्या चार सापांच्या विषावर चालते ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. फुरसं जेमतेम दीड-दोन फुटांचं, मण्यार आणि घोणस साधारण तीन-चार फुटांच्या, नाग त्याहून थोडा लांब. धामण मात्र सहा-सात फूट सहज भरते, आठ फुटांचीही सापडते, आणि तिच्यात माणसाला बाधेल असं विष नाही. अजगर तिच्याहून थोराड, तोही बिनविषारी. माणसं मारणाऱ्या यादीत हे दोन्ही मोठे साप नाहीत.

धामणीवर तर विनाकारण किती आळ घेतले आहेत! ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते म्हणतात. सापाला दूध ओढून घेण्याजोगे ओठ नाहीत, गाल नाहीत, आणि त्याच्या मागे वळलेल्या दातांनी सड धरला तर गाय शांत उभी राहणार नाही. दोन साप एकमेकांना पीळ घालून उभे राहिले की नाग-धामणीचं मिलन म्हणून गर्दी जमते. ते बहुतेक वेळा दोन धामण नर असतात आणि त्यांची झुंज चाललेली असते. जवळून पाहिलं तर धामण ओळखायला अवघड नाही: अंग पिवळसर-तपकिरी, शेपटीकडे काळपट आडव्या रेघा, ओठांच्या खवल्यांमध्ये काळ्या उभ्या रेषा, डोळे मोठे आणि बाहुली गोल. ती उंदरांच्या बिळात शिरते. मांजराला किंवा घुबडाला जिथे पोचता येत नाही, तिथे ती पिल्लांपर्यंत जाते. एका धामणीने शेतातले उंदीर संपतात असं मात्र कुणी सांगू नये. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, साप त्या वेगाने वाढत नाहीत. पण फुकटचा राखणदार मारून नंतर बिळांत विषाच्या गोळ्या टाकत बसणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. आणि ज्या उंदरांवर धामण जगते, त्यांच्याच मागावर नाग आणि घोणसही असतात.

खरी जीवघेणी चूक होते ती अजगर आणि घोणस यांच्यात. अजगराचं नुकतंच निघालेलं पिल्लू दीड-दोन फुटांचं असतं, आणि जाडजूड, ठिपकेदार, संथ घोणस बघून ‘अजगराचं पिल्लू आहे’ म्हणत कुणीतरी हात घालतं. घोणशीच्या पाठीवर काळ्या कडांच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, साखळीसारख्या रेखीव, आणि तिचे खवले खरखरीत दिसतात. अजगराचे ठिपके मोठे, वेडेवाकडे, एकमेकांत शिरलेले, आणि अंगाला तुकतुकी असते. घोणस डिवचली की कुकरच्या शिटीसारखा लांब फुत्कार सोडते. तिचं विष रक्त गोठण्याची क्रियाच बिघडवतं, हिरड्यांतून रक्त येतं, मूत्रपिंडं निकामी होतात. म्हणून हाताशी आलेल्या ‘छोट्या अजगराला’ घोणसच समजावं, हा नियम मला सगळ्यांत सुरक्षित वाटतो.

यावर शेतकरी विचारेल, रात्री बॅटरीच्या उजेडात ठिपके कोण मोजणार? प्रश्न रास्त आहे. पण मोजायची गरजच नाही. साप कोणताही असो, चार हात लांब राहिलं की काम भागतं. काठी घेऊन जवळ जाणारा उलट त्याच्या टप्प्यात शिरतो. दुसरा आक्षेप अजगराचा: तो कोंबडी, क्वचित करडू गिळतो, आणि हे नुकसान गरिबाला झेपत नाही. हे खरं आहे, आणि खुराडं रात्री नीट बंद ठेवणं हाच त्यावरचा स्वस्त उपाय. माणूस गिळल्याच्या ज्या बातम्या फिरतात, त्यांतली २०१७ ची इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरची होती. तिथला जाळीदार अजगर महाराष्ट्रात आढळत नाही. कायद्याचंही बघायला हवं. अजगर संरक्षित आहेच, २०२२ च्या दुरुस्तीनंतर धामण, नाग आणि घोणसही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आल्या आहेत. घराजवळ अजगर निघाला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. शेतातल्या धामणीला तर पकडायचंही कारण नाही, तिला जाऊ द्यावं.

पण सगळा भार शेतकऱ्याच्या समजुतीवर टाकणंही मला पटत नाही. रब्बीत शेतीपंपांची लाइट आळीपाळीने रात्री येते, आणि हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला माणूस अंधारात अनवाणी बांधावर उतरतो. घोणस बहुतांशी रात्री फिरते. सौर कृषिवाहिनी योजनेतून शेतीला दिवसा वीज देण्याची भाषा २०१७ पासून चालू आहे. त्या विजेचा हिशेब युनिटांत आणि अनुदानात मांडला जातो, त्यात टळलेल्या सर्पदंशांचा रकाना हवा. तोवर गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात चांगली बॅटरी, आणि दंश झालाच तर आवळपट्टी, चिरे, मांत्रिक यांत वेळ न घालवता थेट लस असलेला दवाखाना.